एक मीटर सोडून

१

शुक्रवारी सकाळी पोकलेनच्या लोखंडी दातांनी जमिनीखालची मोठी जलवाहिनी फोडली आणि पाण्याचा खांब तीन मजले उंच उडाला. शेजारच्या हॉस्पिटलमधले नळ कोरडे पडले, दोन दिवस ऑपरेशनं बंद राहिली, आणि तळघरातल्या एक्स-रे मशीनने पोहून पाहिलं. जमलं नाही.

सोमवारपर्यंत वाहिनी जोडून झाली, आणि मग मोठ्या माणसांनी तेच केलं जे मोठी माणसं नेहमी करतात. ज्याच्यावर सगळं ढकलता येईल आणि जो उलट ओरडणार नाही, असा कोणीतरी शोधला.

त्यांना मावशीची भाची सापडली. खोदकामाआधी जमिनीखाली कुठे नळ आहे, कुठे केबल आहे, ते यंत्राने हुडकून वर रंगाने आखून द्यायचं, हे तिचं काम. परवाना मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली. आवाज असा, की टॅक्सीवालाही "काय म्हणालात?" असं दोनदा विचारायचा.

मावशी सकाळी तिच्या घरी पोचली तेव्हा भाची स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. समोर ठेकेदाराने धाडलेलं पत्र, हातात पेन, आणि पेनाचं टोपण काढलेलं.

"माझ्या सर्वेक्षणात एक मीटरची चूक झाली हे मला मान्य आहे," मावशीने मोठ्याने वाचलं. "हे कोणी लिहिलं? शुद्धलेखन बरं आहे, म्हणजे ठेकेदाराने नाही."

"सही केली तर परवाना सहा महिने जाईल," भाची म्हणाली. "नाही केली तर तक्रार वर जाईल आणि कायमचा जाईल. अकरा वाजता साइटवर बैठक आहे. मावशी, कदाचित मीच चुकले असेन. त्या दिवशी माती ओली होती."

"ओल्या मातीत तुझं यंत्र मुकं होतं. खोटं बोलत नाही." मावशीने खुर्ची ओढली. तिने चाळीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या, आणि त्या चाळीस वर्षांत माणसांबद्दलचं तिचं मत दरवर्षी थोडंथोडं खाली खचत गेलं होतं. "चूक किती म्हणतात?"

"एक मीटर."

"एक म्हणजे? शहाण्णव सेंटिमीटर? एक मीटर पाच?"

"नाही. बरोबर एक. तीन ठिकाणी मोजलंय त्यांनी, तिन्हीकडे बरोबर एक."

मावशीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"खरी चूक ओबडधोबड असते गं," ती म्हणाली. "इकडे चार बोटं, तिकडे वीतभर. इतकी इस्त्री केलेली चूक मी आयुष्यात पाहिली नाही. बूट घाल. बघू या हिला इस्त्री कोणी केली."

२

साइटचं ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली. आत एक पंखा जोरजोरात फिरायचा आणि वारा मात्र स्वतःपाशीच ठेवायचा. टेबलावर नकाशे पसरलेले, चार कोपऱ्यांवर चार चहाचे ग्लास.

साइट इंजिनिअरला तिथे सगळे 'हेल्मेट' म्हणत, कारण ते सदैव त्याच्या काखेत असे. डोक्यावर कधीच नाही. केस विसकटतात.

"काकू, तुम्ही कशाला त्रास घेतला? हे जरा टेक्निकल आहे," तो म्हणाला.

"हो का? मग तुम्हाला कोण समजावून सांगतं?"

हेल्मेटने हसल्यासारखं केलं आणि कागद पुढे सरकवला. "हा माझा अहवाल. हा मॅडमचा नकाशा. नकाशात लिहिलंय, जलवाहिनी पूर्वेच्या भिंतीपासून सहा मीटर चाळीसवर. जमिनीवरची निळी रेषाही बरोबर सहा चाळीसवर. आणि फुटलेली वाहिनी सापडली सात चाळीसवर. म्हणजे यंत्र चुकलं, नाहीतर यंत्र चालवणारी."

"मोजलं कोणी?"

"मी स्वतः. शनिवारी."

"एकट्याने?"

"मुकादम होता की टोक धरायला," हेल्मेट म्हणाला. टोक धरणारा माणूस मोजदादीत मोजायचा नसतो, अशा सुरात.

इतक्यात ठेकेदार आत आला. आधी अत्तर आलं, मग तो.

"मावशी, मुलगी गुणी आहे हो," तो गोड आवाजात म्हणाला. "पण यंत्रबिंत्र म्हणजे बायकांना जरा जड जातं. मी धाकटी बहीण समजूनच सही मागतोय."

"तुम्हाला सख्खी धाकटी बहीण आहे?"

"आहे ना."

"बोलते तुमच्याशी?"

ठेकेदाराने विषय बदलला. म्हणजे नसावी बोलत.

पोकलेनवाला बाहेर मशीनच्या पट्ट्यावर बसला होता. कपाळाला पट्टी, चेहरा फुगलेला. मावशी त्याच्याशेजारी जाऊन टेकली.

"माझी चूक आहे असं कोणी म्हणू नका," विचारायच्या आधीच तो तडकला. "नियम आहे, रेषेपासून एक मीटर सोडून खणायचं. मी निळ्या रेषेपासून एक मीटर सोडलं, भिंतीच्या उलट्या बाजूला. काठी टाकून मोजलं. ही बघा काठी, मीटरची. आणि पहिल्याच घावाला तोंडावर पाणी!"

"बरोबर एक मीटर?"

"सूतभर इकडेतिकडे नाही. माझी काठी काम करताना फोनवर बोलत नाही."

"मग कोण बोलतं?"

त्याने नुसती भुवई उचलून ऑफिसच्या दिशेने दाखवलं. तेवढ्यात आतून ठेकेदाराचा पुकारा आला, की बसून काय राहिलायस, पलीकडचा चर घ्यायचाय आज, आणि तो पाय आपटत मशीनवर चढला.

राहिला मुकादम. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. कमरेला मोजपट्टी लटकवलेली, तिची कडी कधीच तुटून गेलेली आणि टोकाकडचे आकडे घासून साफ पांढरे झालेले.

"हिचे सुरुवातीचे आकडे कुठे गेले?" मावशीने विचारलं.

"गळले. वय झालं तिचं."

"नवी का घेत नाही?"

"मागितली. तीनदा. माझं भागतं हिच्यावर."

"बरं, ही निळी रेषा आखली कोणी?"

मुकादमाने आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "मॅडमनी," तो बुटांना म्हणाला.

मावशीने नाक मुरडलं. तिला खोटं बोलणाऱ्यांचा राग नव्हता. वाईट खोटं बोलणाऱ्यांचा होता.

३

निळी रेषा आखीव, सरळ, एका भिंतीपासून दुसरीकडे जाणारी. भाची तिच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत उभी राहिली.

"काय गं?"

"मावशी, मी प्रत्येक पाच मीटरवर खोली लिहिते. वाहिनी किती खाली आहे ते. इथे एकही आकडा नाही."

"आणि ही खडी कधी पडली?"

"माहीत नाही. मी मंगळवारी आखलं तेव्हा इथे नुसती माती होती."

मग मावशीने वाकून बघायचा त्रास घेतला, जो गेल्या तीन दिवसांत चार शहाण्या पुरुषांपैकी एकानेही घेतला नव्हता. निळा रंग खडीच्या वर होता.

"आता तुझी शोध," मावशी म्हणाली.

भाची बुटाच्या टाचेने खडी उकरू लागली. आधी इकडे, मग तिकडे. निळ्या रेषेच्या पलीकडे, भिंतीपासून लांबच्या बाजूला, खडीच्या बोटभर थराखाली निळा ठिपका दिसला. मग पट्टा. मग तिच्या वळणदार अक्षरात एक आकडा: १.२०.

"माझी रेषा!" भाची ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच टॅक्सीवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

दोन रेषा. मधे एक मीटर. पोकलेनवाल्याने नियम पाळून एक मीटर सोडलं आणि म्हणूनच त्याचा घाव थेट वाहिनीवर बसला होता. बेफिकीरपणे खणलं असतं तर कदाचित वाचला असता बिचारा.

आवाज ऐकून हेल्मेट आणि ठेकेदार धावत आले. हेल्मेटने दोन्ही रेषा पाहिल्या, आणि मग त्याचा चेहरा उजळला. तो काही विचार करतोय हे दिसत होतं. सवय नसल्यामुळे जास्तच दिसत होतं.

"वा! म्हणजे तर सगळं स्पष्टच झालं," तो म्हणाला. "मॅडमनी आधी बरोबर आखलं. मग घरी जाऊन नकाशात सातच्या जागी सहा लिहिलं. मग नकाशाशी जुळावी म्हणून खडीवर नवी रेषा मारून गेल्या. गेटच्या वहीत गुरुवारची सही आहे तुमची. आहे की नाही?"

भाचीचा चेहरा पडला. "मी पोचपावतीवर सही घ्यायला आले होते. दहा मिनिटं."

"रेषा मारायला दहा मिनिटं पुरतात," ठेकेदार मऊपणे म्हणाला. "आता मात्र हे नुसतं चुकणं नाही राहिलं, ताई. ही लपवाछपवी झाली."

ते दोघे गेले. भाची खडीवरच बसली. सापडलेला पुरावा तिच्याच गळ्यात अडकला होता.

मावशीने भाचीच्या पिशवीतलं लेझरचं छोटं यंत्र काढलं, भिंतीला टेकवलं आणि बटण दाबलं. जुनी रेषा, खडीखालची: सहा मीटर चाळीस. नवी रेषा, खडीवरची: पाच मीटर चाळीस.

तिने दोन्ही आकडे भाचीला दाखवले.

"पण अहवालात नवी रेषा सहा चाळीसवर आहे!" भाची म्हणाली. "म्हणजे त्यांनी खोटा आकडा लिहिला?"

"नाही गं. तो खोटं इतकं सफाईने बोलू शकत नाही, आत्ता बघितलंस ना. त्याला खरंच सहा चाळीस दिसले." मावशीने यंत्र बंद करून पिशवीत टाकलं. "आणि ही चूक एका माणसाला जमणारी नाही. ही करायला दोन माणसं लागतात. चल, ती बघ गाडी आली."

४

गाडीतून हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई उतरल्या. इमारत समितीच्या त्या प्रमुख, तक्रार वर धाडायची की नाही ते त्याच ठरवणार. दोन दिवस बाटल्यांच्या पाण्याने हात धुतलेली बाई जितकी प्रसन्न असेल तितक्याच त्या प्रसन्न होत्या.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "सही झाली का?"

"त्याआधी एक विनंती," मावशी म्हणाली. "इंजिनिअर साहेबांनी शनिवारी जसं मोजलं तसंच एकदा माझ्यासमोर मोजून दाखवावं. भिंतीपासून या खडीवरच्या रेषेपर्यंत. तीच पट्टी, तीच माणसं. म्हातारीचं समाधान."

हेल्मेटने डोळे फिरवले, पण डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, आणि साइटवर एवढं पुरेसं असतं. मुकादम पट्टीचं टोक घेऊन भिंतीशी गेला. हेल्मेट दुसरीकडे रेषेवर उकिडवा बसला आणि बसल्याबसल्या डॉक्टरीणबाईंना आपल्या कॉलेजातल्या गुणांबद्दल सांगू लागला.

"एक सोडून!" भिंतीशी मुकादम ओरडला.

"हो, हो," हेल्मेट हात उडवत म्हणाला, "तर मॅडम, सर्वेक्षण या विषयात मी वर्गात दुसरा होतो. हे बघा. सहा चाळीस! अहवालात आहे तेच."

"छान," मावशी म्हणाली. "मुकादम आत्ता काय म्हणाले?"

"कोण?"

"मुकादम. भिंतीशी आहेत ते. सजीव आहेत."

"ते ओरडतच असतात काहीबाही."

"डॉक्टर, तुम्ही ऐकलंत?"

"एक सोडून, असं काहीतरी म्हणाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे काय?"

"मुकादम, पट्टी हलवू नका. या डॉक्टर, बघा त्यांनी भिंतीला काय टेकवलंय."

डॉक्टरीणबाई चालत गेल्या. मुकादमाच्या काळ्या अंगठ्याखाली, भिंतीला घट्ट टेकलेला, पट्टीवरचा एकचा आकडा होता. एक मीटर. पट्टीचं घासलेलं टोक मोकळं लोंबत होतं.

"टोक खराब झालं की जुने मोजणारे एक मीटर सोडून धरतात," मावशी म्हणाली. "आणि ओरडून सांगतात. पलीकडच्याने आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा असतो. फार अवघड गणित नाही. सहा चाळीस वजा एक. साहेब वर्गात पहिले आले असते तर त्यांनाही जमलं असतं."

मुकादमाच्या चेहऱ्यावरून रंग उतरत चालला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्ही वजा करत नव्हता?"

"मला काय माहीत!" हेल्मेट किंचाळला. "तू नीट सांगायचंस ना!"

"दरवेळी सांगतो. दरवेळी तुम्ही 'हो, हो' म्हणता."

"आता पुढचं बघा," मावशी म्हणाली. "खडीवरची ही रेषा भिंतीपासून खरी पाच चाळीसवर आहे. लेझर देते, कोणीही मोजा. माझ्या भाचीने ती आखली असती तर तिने लेझरने आखली असती, आणि ती सहा चाळीसवर पडली असती. पाच चाळीसवरची रेषा सहा चाळीसची वाटावी, असे या जगात दोनच जण आहेत. एक टोक धरतो, दुसरा ऐकत नाही. मंगळवारी तिने आखलं. मग कोणीतरी घाई करून वर खडी टाकली आणि रेषा गडप झाली. तिला परत बोलवायला हवं होतं. नियम तोच आहे. पण तिला बोलवायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि इंजिनिअर साहेबांचे केस विसकटले असते. म्हणून नकाशा बघून त्यांनी स्वतःच रेषा मारली. बरोबर ना मुकादम?"

"गुरुवारी दुपारी," मुकादम म्हणाला. या वेळी तो बुटांशी बोलत नव्हता. "मॅडम गेल्यावर. मी खोटं बोललो, ताई. साहेब म्हणाले गप्प बस, मी बसलो."

हेल्मेटने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार आभाळाकडे पाहत होता. धाकटा भाऊ वगैरे समजायची त्याची वेळ टळून गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी सहीचं पत्र भाचीच्या हातातून घेतलं आणि न वाचता आपल्या पर्समध्ये कोंबलं. "हे माझ्याकडे राहू दे. याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी यांचीच तक्रार लिहिणार आहे."

मावशीला वाटलं भाची आता रडेल किंवा गळ्यात पडेल, आणि दोन्हींची तिने मनातून तयारी केली. पण भाची तिच्याकडे बघतच नव्हती. ती पलीकडच्या बाजूला पाहत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मुकादम," ती म्हणाली, "लाल रेषासुद्धा तुम्हीच मारलीत?"

५

नकाशात दोन रेषा होत्या. निळी पाण्याची, आणि भिंतीपासून नऊ मीटर पंच्याहत्तरवर लाल. हॉस्पिटलला वीज देणारी मोठी केबल. खडीखाली दोन्ही गेल्या होत्या. दोन्ही परत आखल्या होत्या. त्याच दुपारी, त्याच पट्टीने, त्याच दोघांनी.

पलीकडे पोकलेन धडधडत होतं. लाल रेषेपासून बरोबर एक मीटर सोडून.

भाची धावली. खडीवरून, पट्टीवरून, ठेकेदाराच्या पायावरून. पोकलेनची सोंड वर उचललेली होती आणि खाली यायला निघाली होती, आणि भाची जाऊन तिच्या सावलीत उभी राहिली.

"थांबव!"

हा आवाज कुठून आला ते मावशीला कळेना. यापूर्वी तो या घराण्यात कोणाकडे नव्हता. सोंड हवेतच झटका खाऊन थांबली आणि इंजिन बंद झालं.

पोकलेनवाला केबिनमधून वाकला. "मॅडम, मरायचंय का? मी मीटर सोडलंय!"

"म्हणूनच," भाची धापा टाकत म्हणाली. "तुमच्या दातांखाली केबल आहे."

"कशावरून?" हेल्मेट मागून ओरडला. काही माणसांना बुडताना बुडबुडे काढल्याशिवाय राहवत नाही. "या म्हणतात म्हणून? नकाशा चुकू शकतोच की! माती ओली होती, सगळ्यांना माहितीये!"

सगळे भाचीकडे बघू लागले. डॉक्टरीणबाई, ठेकेदार, मुकादम, सगळे. मावशीच्या जिभेच्या टोकावर तीन उत्तरं आली, तिन्ही झणझणीत. तिने ती गिळली. हे उत्तर तिचं नव्हतं.

भाचीने आपल्या गाडीतून यंत्र आणलं. लांब दांड्याचं, खाली चपटा पाय असलेलं. त्याचे हेडफोन कानाला लावले आणि ती पावलापावलाने चालू लागली. एकदा थांबली. परत मागे आली. पुन्हा एकदा त्याच जागेवरून गेली. मग तिने टाचेने खडीवर फुली मारली.

"इथे," ती म्हणाली. "नव्वद सेंटिमीटर खाली केबल. तिच्यावर हातभर अंतरावर इशाऱ्याची लाल पट्टी असेल. हाताने खणा, आणि पट्टी दिसली की थांबा."

कोणालाच पुढे व्हायचं नव्हतं. मुकादमाने फावडं उचललं.

तो खणत राहिला. गुडघाभर झालं, काही नाही. हेल्मेटने घसा खाकरला. भाचीने त्याच्याकडे पाहिलं नाही, ती फक्त खड्ड्याकडे पाहत राहिली. आणखी चार फावडी. मग मातीतून एक चिंधी वर आली, लाल, प्लॅस्टिकची, तिच्यावर धोक्याची कवटी. मुकादमाने फावडं तत्काळ बाजूला ठेवलं. मग त्याने लेझर मागून घेतलं, भिंतीला टेकवलं आणि आकडा मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"नऊ मीटर पंच्याहत्तर!"

पोकलेनवाल्याने खाली उतरून खड्ड्यात डोकावलं. चिंधी ज्या जागी होती तिथे आणखी अर्ध्या मिनिटात त्याच्या मशीनचे दात पोचले असते. मग तो सरळ भाचीसमोर येऊन उभा राहिला. हेल्मेटला ओलांडून, ठेकेदाराला ओलांडून.

"मॅडम, आता कुठे खणू?"

"आज कुठेच नाही. मी आधी सगळी जमीन परत चालून बघणार. खडी काढायला लावा."

"अहो, पण आख्खा दिवस जाईल!" ठेकेदार कळवळला.

भाची खिशातून रंगाचा डबा काढून हलवत होती. तिने मान वर केली.

"पाय उचला," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या रेषेवर उभे आहात."